गरम इंजिनची टिकटिक आणि पिकअपला ऑइल कोणतं?

नारायणगाव_लोडिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पिकअपच्या इंजिनचा आवाज आणि ऑइल, दोन्हीबद्दल विचारायचं आहे. उलटतपासणीला वेळ जाऊ नये म्हणून सगळी माहिती आधीच देतो.

गाडी २०१८ ची, बीएस४. अडीच लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (एकाच पाइपातून सगळ्या नोझलना दाबाचं डिझेल) टर्बो डिझेल, ओव्हरहेड कॅम, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधला गॅप सांभाळणारा भाग) हायड्रॉलिक. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. रनिंग १ लाख ६२ हजार. काम टोमॅटो-भाजीपाल्याचं. आळेफाट्यावरून माळशेज उतरून मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट, आणि येताना बहुतेक रिकामी. मार्केटच्या रांगेत इंजिन बराच वेळ आयडलवर चालू राहतं. मॅन्युअलमध्ये ऑइल १५डब्ल्यू-४०, एपीआय (ऑइलच्या दर्जाचं वर्गीकरण) सीआय-४ प्लस, फिल्टरसह साडेसहा लिटर असं दिलंय. शेवटची ऑइल बदली ४,००० किमीपूर्वी, ग्रेड तीच. फिल्टर मात्र बाहेरच्या दुकानातला.

आवाज असा: सकाळी थंड इंजिन चालू केलं की चार-पाच सेकंद खडखड, मग शांत. इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलला हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) बाजूने स्वच्छ धातूची टिकटिक. १,५०० आरपीएमच्या वर रेस केली की ऐकू येत नाही. गाडीची ओढ कमी नाही, धूर नाही, अॅव्हरेज तेवढंच. ऑइलचा दिवा विझतो, पण पूर्वीपेक्षा जरा उशिरा.

एक मिस्त्री म्हणतो २०डब्ल्यू-५० (आताच्यापेक्षा जाड ऑइल) टाका, आवाज जाईल. दुसरा म्हणतो चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढून टेस्टिंगला द्या. दुकानदार टॅपेटचा आवाज बंद करणारी बाटली पुढे करतोय. नेमकं कुठून सुरुवात करू? आणि हायड्रॉलिक टॅपेटचं सेटिंग होतं का?

---

डिझेलफिटर_चाकण

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. हायड्रॉलिक टॅपेटला फिलर गेजने सेटिंग नसतं. आतला छोटा प्लंजर ऑइलच्या दाबावर वर येऊन गॅप स्वतःच शून्य ठेवतो. त्यामुळे तुमच्या इंजिनमध्ये टॅपेट वाजत असेल तर कारणं मोजकीच: ऑइल पोहोचत नाही, ऑइलमध्ये हवा आहे, ऑइल पातळ झालंय, टॅपेटचा आतला बॉल-व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलाय किंवा टॅपेट झिजलंय. कोणी "सेटिंग करून देतो" म्हणाला तर गाडी तिथून हलवा.

आता आवाज नक्की टॅपेटचाच आहे का ते ठरवा. लोक तालावरून सांगतात, "निम्म्या स्पीडने वाजतंय म्हणजे टॅपेट." हे अर्धंच खरं. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो हे बरोबर, पण त्याच दोन फेऱ्यांत प्रत्येक नोझलही एकदाच मारतं आणि प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्टही एकदाच सुटतो. म्हणजे टॅपेट, नोझल आणि मॅनिफोल्डचं (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) लिकेज, तिघांचा ताल एकच. ८०० आरपीएमला एका सिलिंडरची टिकटिक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या वर. हे कानाने मोजता येत नाही. फोनवर दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि पाव वेगाने ऐका. दहा सेकंदांत ६६-६७ ठोके भरले तर एकाच सिलिंडरचं काम आहे. १३३ च्या आसपास भरले तर एक तर दोन सिलिंडर वाजताहेत, नाहीतर क्रँकच्या वेगाने फिरणारं काहीतरी. तालाचा उपयोग एवढाच. बाकीचा निकाल जागा देते.

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा दीड-दोन फुटी लोखंडी सळी पुरे. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा. इंजिन गरम, आयडलवर. सळीचं टोक धातूवर टेकवा, दुसरं टोक कानामागच्या हाडाला. गमछा, सैल बाही, फॅन आणि बेल्ट यांचं भान ठेवा. मग ओळीने फिरा: टॅपेट कव्हरचे बोल्ट, प्रत्येक नोझलची बॉडी, मॅनिफोल्डचे स्टड, व्हॅक्यूम पंप, अल्टरनेटर, टायमिंग कव्हर, शेवटी खाली चेंबर (तळाचा ऑइलचा डबा). नोझलवर टिकटिक ऐकू येणारच, कॉमन रेलमध्ये ती असतेच. चारही नोझलचा आवाज सारखा आहे की एक वेगळं वाजतंय एवढंच ऐका. व्हॅक्यूम पंप सोडू नका. त्याच्या पात्या झिजल्या की थेट हेडमधून आल्यासारखी टिकटिक येते आणि माणसं त्यापायी टॅपेट बदलून बसतात.

नोझलखालची तांब्याची वॉशर लीक असेल तर आवाज टिकपेक्षा "चफ् चफ्" असा, हवेचा येतो. नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर जमतो. शंका असेल तर थंड इंजिनवर नोझलच्या खळग्यात साबणाचं पाणी टाकून चालू करा, बुडबुडे दिसतात. मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तर आवाज थंडीत मोठा असतो, लोखंड तापून फुगलं की कमी होतो, आणि चढाला लोडवर परत वाढतो. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो. तुमचं वर्णन याच्या उलट आहे: गरम झाल्यावर, तेही फक्त आयडलला. माझा कल टॅपेटकडे किंवा ऑइलच्या दाबाकडे जातो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जुन्या पंपाच्या इंजिनमध्ये नोझलचा पाइप ढिला करून सिलिंडर तोडायची, म्हणजे त्याचं डिझेल थांबवून आवाज बदलतो का बघायची, पद्धत होती. कॉमन रेलला हे अजिबात करायचं नाही. चालू इंजिनमध्ये रेलचा दाब शेकड्यांपासून हजार-दीड हजार बारपर्यंत असतो. तेवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतलं मांस सडून बोट गमवावं लागतं. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटलला जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. सिलिंडर तोडून बघायचा असेल तर स्कॅनरमधून एकेक नोझल बंद करा.

---

ऑइल_आणि_बेअरिंग

वरच्या उत्तराला माझी जोड एका मापाची आहे: ऑइल प्रेशर. टिकटिक असलेल्या गाडीत ऑइलचा ब्रँड, ग्रेड, बाटली या चर्चेआधी हा आकडा हातात पाहिजे. डॅशबोर्डचा दिवा पुरेसा नाही. प्रेशर स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपास दिवा पेटवतो. दिवा विझलाय याचा अर्थ इंजिन कोरडं नाही, एवढाच. हेडपर्यंत वर चढायला लागणारं प्रेशर पुरेसं आहे, हे दिवा सांगत नाही.

मोजायची रीत: प्रेशर स्विच काढा, त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. आटे वेगवेगळे असतात, तेव्हा योग्य अॅडॉप्टर घ्या, दुसरा आटा जोर लावून बसवला तर ब्लॉकचा आटा जातो. इंजिन पूर्ण गरम करा, नुसतं आयडलवर नाही, वीस-पंचवीस किमी चालवून. मग आयडलला आणि २,००० आरपीएमला वाचन घ्या. मॅन्युअलचा आकडा अंतिम. तो मिळत नसेल तर ढोबळमानाने गरम आयडलला एक बारच्या वर आणि २,००० ला तीनच्या आसपास असेल तर काळजी नाही.

कमी आलं तर खर्चाच्या क्रमाने जा. आधी लेव्हल. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी (ऑइल मापायची डिपस्टिक) बघा. लेव्हल कमी असणं तर वाईटच, पण खुणेच्या वर असणंही तितकंच वाईट. क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो आणि फेसाळ ऑइल टॅपेटमध्ये गेलं की टॅपेट दाबलं जातं, कारण हवा दबते, ऑइल दबत नाही. ऑइल न टाकता लेव्हल वाढत असेल तर त्यात डिझेल उतरतंय: एखादं नोझल गळतंय किंवा हाय प्रेशर पंपाचं सील गेलंय. पट्टीला डिझेलचा वास येतो. फिल्टर पेपरवर गरम ऑइलचा एक थेंब टाकून काही तास आडवा ठेवा. मध्ये काळा डाग आणि त्याच्याबाहेर फिकट, तेलकट कडं पसरलं तर डिझेलचा संशय पक्का धरा. अशा गाडीत २०डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे गळणाऱ्या नळाखाली मोठी बादली ठेवणं.

लेव्हल आणि वास ठीक असेल तर फिल्टर. त्यानंतर चेंबर खोलून पिकअप जाळी, म्हणजे जिच्यातून पंप ऑइल ओढतो ती. जाळीत काय सापडतं? मागच्या कोणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलेलं असतं. आतल्या बाजूला निघालेली त्याची वळकटी तुटते आणि जाळीवर जाऊन चिकटते. जाळीच्या पाइपची ओ-रिंग कडक झाली असेल तर पंप तिथून हवा ओढतो. मग रिलीफ व्हॉल्व्हची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग, मग पंप, आणि सगळ्यात शेवटी क्रँकचे मेन व बिग एंड बेअरिंग. बेअरिंगचा आवाज टिकटिक नसतो. तो खालून, जड ठोक्यासारखा येतो, लोडवर वाढतो आणि त्या सिलिंडरचं नोझल स्कॅनरने बंद केलं की लगेच बदलतो. तसा आवाज असेल तर गाडी टो करून न्या.

तुमची सकाळची चार-पाच सेकंदांची खडखड मला फिल्टरकडे बोट दाखवते. चांगल्या फिल्टरच्या आत रबराची झडप असते, इंजिन बंद झाल्यावर वरचं ऑइल खाली उतरू नये म्हणून. हलक्या फिल्टरमध्ये हे रबर थोड्याच दिवसांत कडक होतं. रात्रभर गॅलरी (इंजिनमधली ऑइलची वाट) रिकामी होते आणि सकाळी ती भरेपर्यंत हेड कोरडं वाजतं. दिवा उशिरा विझतो त्याचंही हेच कारण असू शकतं.

---

घाटवाला_४४

एवढं खोलात जायची गरज नाही असं माझं मत. आमच्याकडे दीड लाखाच्या वर रनिंग गेलेल्या लोडिंग गाड्यांना सर्रास २०डब्ल्यू-५० टाकतात. आवाज जातो, ऑइल कमी जळतं. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग पातळ ऑइल हवंय कशाला?

---

लुब्रिकंट_इंजिनिअर

घाटवाला भाऊ, थंडीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतला: १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर होते. जुन्नरची डिसेंबरातली पहाटही त्याच्या जवळपास जात नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या कितीतरी इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दिलेलंच असायचं, तिथे ते टाकणं चूक नाही.

अडचण ग्रेडमधल्या दुसऱ्या, गरम ऑइलच्या आकड्यात आहे. १०० अंशांवर ४० ग्रेडची व्हिस्कॉसिटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. ऑइल पंप दर फेरीला ठरावीक ऑइल ढकलतो. ऑइल जाड असेल तर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि ऑइल वर जायच्या ऐवजी परत चेंबरमध्ये पडतं. गेज जास्त दाखवतं आणि टर्बोच्या बेअरिंगला, हेडला प्रत्यक्षात ऑइल कमी आणि उशिरा मिळतं. हायड्रॉलिक टॅपेटची भोकं बारीक असतात, तिथे हा उशीर लगेच ऐकू येतो. म्हणून जाड ऑइलने गरम टिकटिक कमी होते आणि सकाळची खडखड लांबते. आवाज गेला म्हणजे झीज थांबली असं धरू नका. बेअरिंग झिजून दाब पडला असेल तर जाड ऑइल ते काही हजार किमी झाकून ठेवतं आणि मग क्रँकच खराब होतो. अॅव्हरेज जातं ते वेगळंच.

मूळ प्रश्नातल्या गाडीला १५डब्ल्यू-४० च ठेवा. पण डब्यावर १५डब्ल्यू-४० दिसलं म्हणून काम झालं नाही. मागच्या बाजूला एपीआयचं वर्गीकरण वाचा. दुकानात सीएफ-४ चं स्वस्त १५डब्ल्यू-४० अजून मिळतं. ते १९९० च्या काळातल्या इंजिनांचं ऑइल आहे. ईजीआर असलेल्या इंजिनमध्ये काजळी ऑइलमध्ये जास्त उतरते. ती काजळी विखुरलेली ठेवायची ताकद सीआय-४ मध्ये (२००२ पासून) आणली गेली, सीआय-४ प्लसमध्ये आणखी वाढवली. काजळी एकत्र गोळा झाली की ऑइल घट्ट होतं आणि कॅमचं नाक (त्याचा वर आलेला उंचवटा) व त्यावर फिरणारा रोलर घासतात. सीके-४ (२०१६ च्या अखेरीस आलेलं) सीआय-४ प्लसच्या जागी चालतं. एफए-४ मात्र टाकू नका, ते मुद्दाम पातळ ठेवलेलं वेगळं कुटुंब आहे. पेट्रोलच्या एसएन, एसपी ऑइललाही इथे जागा नाही. डब्यावर पेट्रोलचं आणि डिझेलचं अशी दोन्ही वर्गीकरणं असतील तर डिझेलचं वाचून ठरवा.

बीएस६ पिकअपवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं. एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत डीपीएफ असेल तर ऑइलमधली राख हा मुद्दा कळीचा होतो. ऑइल जळलं की त्यातल्या धातूंच्या क्षारांची राख डीपीएफमध्ये साचते आणि रीजनरेशनने (साचलेली काजळी जाळून टाकायच्या प्रक्रियेने) ती जळत नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए (युरोपचं ऑइल वर्गीकरण) सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, सीके-४ मध्ये १ टक्का. अशा गाडीत सीआय-४ प्लस टाकलं तर इंजिन छान चालेल आणि डीपीएफ वेळेआधी चोंदेल. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सी३ दिलं असेल तर "३० म्हणजे पातळ" म्हणून घाबरू नका. सी३ ला जास्त तापमानात, जोराच्या घर्षणात टिकायची किमान व्हिस्कॉसिटी ३.५ मिलिपास्कल-सेकंद आहे. साध्या ५डब्ल्यू-३० ला ती २.९ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७ असते. बेअरिंगमध्ये चालतो तो हा आकडा, आणि सी३ व १५डब्ल्यू-४० मध्ये त्यात फरक फार थोडा आहे.

बाटलीबद्दल: आवाज बंद करणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एक तर घट्ट करणारं पॉलिमर असतं नाहीतर साफ करणारं डिटर्जंट. पहिलं म्हणजे महागडं २०डब्ल्यू-५०. दुसऱ्याचं काम चांगलं सीआय-४ प्लस लवकर बदलल्याने जास्त सुरक्षितपणे होतं. रॉकेल किंवा डिझेल टाकून फ्लशिंग करू नका. चेंबरच्या तळाशी आणि गॅलरीत थोडं राहतंच, ते नवीन ऑइल पातळ करतं. शिवाय एकदम सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो.

---

नारायणगाव_लोडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं.

लेव्हल दोन खुणांच्या मधोमध, डिझेलचा वास नाही, पेपरवर फिकट कडं नाही. गरम इंजिनवर प्रेशर आयडलला १.४ बार, २,००० ला ३.६. रेकॉर्डिंगमध्ये दहा सेकंदांत ६६ ठोके. सळीने टॅपेट कव्हरच्या तीन नंबरजवळ सगळ्यात जास्त आवाज, नोझल चारही सारखे, व्हॅक्यूम पंप शांत. स्कॅनरने तीन नंबर नोझल बंद केल्यावर इंजिन थरथरलं, पण टिकटिक तशीच राहिली.

आता कव्हर खोलायचं का आधी ऑइल-फिल्टर बदलून बघायचं?

---

डिझेलफिटर_चाकण

वा, असं तपासलं की बोलायला मजा येते. नोझल बंद करूनही टिकटिक कायम, म्हणजे जळण्याशी तिचा संबंध नाही. प्रेशर उत्तम आहे, म्हणजे पंप, जाळी आणि बेअरिंग संशयातून सुटले. तीन नंबरचं एखादं टॅपेट किंवा त्याचा रॉकर (कॅमने दाबला की व्हॉल्व्ह उघडणारा हात), एवढंच उरतं. नोझलचा खर्च वाचला.

कव्हर लगेच खोलू नका. बॉल-व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा किंवा चिकटा पुष्कळदा ताज्या ऑइलने सुटतो. इंजिन गरम करून ऑइल काढा, वीस मिनिटं पूर्ण निथळू द्या, ड्रेन बोल्टची वॉशर नवी टाका. फिल्टर इंजिन कंपनीचा किंवा तिला पुरवणाऱ्याचाच. स्पिन-ऑन (डब्यासकट फिरवून बसणारा) असेल तर रबराला ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरी, पाना नको. फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्या. आत कागदी एलिमेंटचा असेल तर डब्यातल्या सगळ्या ओ-रिंग बदला. लोक मोठी बदलतात आणि मधल्या दांड्याची छोटी तशीच ठेवतात, मग प्रेशर तिथून निसटतं. सहा लिटर ओता, एक मिनिट आयडल, बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि उरलेलं थोडं थोडं टाका.

हे ऑइल फक्त १,००० ते १,५०० किमी वापरून बघा. मधूनमधून गरम इंजिनला दोन-तीन मिनिटं २,००० ते २,५०० वर ठेवा, टॅपेटमधली हवा निघते. सकाळची खडखड पहिल्या आठवड्यातच गेली तर फिल्टर दोषी होता. टिकटिक तरीही राहिली तर मग खोला.

खोलताना आधी बघा की नोझल टॅपेट कव्हरमधून जातात का. जात असतील तर चारही निघणार. मग तांब्याच्या वॉशर चारही नव्या, आणि क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलने एकदाच वापरायचे सांगितले असतील तर तेही नवे. नोझलवर सिलिंडर नंबर लिहा, अदलाबदल करू नका, त्यांचे कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरलेले असतात. खळग्यातली बैठक स्वच्छ पुसा. तिथे कार्बनचा कण राहिला की महिनाभरात "चफ् चफ्" सुरू.

क्रँक हाताने फिरवून तीन नंबरच्या एकेका कॅमचं नाक वर आणा, म्हणजे रॉकर मोकळा होईल. लाकडी दांडक्याने टॅपेटच्या बाजूला रॉकर दाबा. चांगलं टॅपेट घट्ट लागतं, खराब असेल तर स्पंजासारखं खाली जातं. शेजारच्यांशी तुलना करा. सगळी घट्ट असतील तर रॉकरचा रोलर फिरवून बघा, पिनमध्ये खेळ आहे का, पृष्ठभागावर खड्डे आहेत का. कॅमच्या नाकाची उंची व्हर्निअरने बाकीच्या नाकांशी ताडून घ्या.

टॅपेट बदलायचं ठरलं तर १ लाख ६२ हजारला पूर्ण सेट बदला. कॅम काढायची मजुरी एकच लागते. नवी टॅपेट उभीच ठेवा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, किमान अर्धा तास थांबा. प्लंजर पूर्ण वर असतो, व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि पिस्टनला भिडू शकतो. अर्ध्या तासात जादा ऑइल निसटून टॅपेट जागेवर बसतं. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, कुठे अडकत नाही ना बघा, मगच चालू करा. सुरुवातीला काही मिनिटं सगळी टॅपेट वाजतील, घाबरू नका.

---

ऑइल_आणि_बेअरिंग

दोन गोष्टी राहिल्या.

बदलीचं अंतर. मार्केटच्या रांगेतलं आयडल किलोमीटरमध्ये दिसत नाही, पण काजळी तेव्हाही तयार होते. ढोबळ हिशेबाने एक तास आयडल म्हणजे ४० ते ५० किमी धरा. रोज तीन तास रांग असेल तर महिन्याला साधारण चार हजार किमी मीटरवर न येता ऑइलच्या खात्यावर चढले. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं अंतर दिलेलं असतं. तुमचं काम त्याच वर्गात येतं, ते अंतर पाळा. ऑइल काळं झालं म्हणून बदलू नका, डिझेलमध्ये ते शंभर किमीतच काळं होतं.

आणि डबा. बनावट ऑइल हे टिकटिकीचं खरंखुरं कारण असतं, आणि डब्यावर सगळे आकडे बरोबर छापलेले असतात. अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून, पक्क्या बिलावर घ्या. टोपीचं सील आणि डब्यावरचा बॅच नंबर बघा, भाव बाजारापेक्षा बराच कमी असेल तर तिथेच सोडा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला स्क्रू ड्रायव्हरने दोन-तीन भोकं पाडा आणि लेबल फाडा, तोच डबा भरून परत विकला जातो. काढलेलं जुनं ऑइल शेतात, गटारात ओतू नका, कुंपणाच्या खांबांना फासायलाही देऊ नका. अधिकृत रीसायकलरला माल देणाऱ्या गॅरेजमध्ये जमा करा.

---

घाटवाला_४४

प्रेशर १.४ आहे म्हटल्यावर जाड ऑइलचा माझा सल्ला इथे लागू नाही, मान्य. एक विचारतो, मेकॅनिकल टॅपेटच्या जुन्या पिकअपला हेच सगळं लागू का?

---

डिझेलफिटर_चाकण

सळी, रेकॉर्डिंग, प्रेशर हे सगळं लागू. फक्त त्यात पहिलं काम गॅप तपासायचं. इंजिन थंड, निदान रात्रभर उभं. ज्या सिलिंडरचा गॅप बघायचा त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत क्रँक आणा. फिलर गेजची पाती हलकी ओढ लागून सरकली पाहिजे, अडकायलाही नको आणि सैल जायलाही नको. आकडा मॅन्युअल किंवा हेडवरच्या स्टिकरचाच घ्या. बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टचा गॅप इनलेटपेक्षा जास्त असतो, दोन्ही एकाच पातीने करू नका. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पाती परत घालून बघा. आणि आवाज अजिबात नको म्हणून गॅप कमी करून ठेवू नका. गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि कडा जळते. जुन्या इंजिनमध्ये बारीक टिकटिक ऐकू येत असेल तर ती येऊ द्या.